पौंडांतले येणे

रिझर्व्ह बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली, तेव्हापासून दर आठवड्याला आपला हिशेब जाहीर करणे तिला कायद्याने भाग आहे. त्या हिशेबातला इश्यू डिपार्टमेंटचा भाग तेव्हा चार-पाच ओळींचा असे. एका बाजूला देशात फिरणाऱ्या नोटा, दुसऱ्या बाजूला त्या नोटांच्या पाठीशी ठेवलेली मालमत्ता: सोने, रुपयाची नाणी, हिंदुस्थान सरकारचे रोखे आणि स्टर्लिंग रोखे. यांतला शेवटचा रकाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतका फुगला की बाकीचे रकाने त्याच्यापुढे किरकोळ दिसू लागले. बँकेचे दोन्ही विभाग धरून ऑगस्ट 1939 मध्ये तिच्याजवळ सुमारे 64 कोटी रुपयांची स्टर्लिंग मालमत्ता होती. मार्च 1946 अखेर ती 1,724 कोटी झाली.

हे स्टर्लिंग म्हणजे तिजोरीतल्या पौंडांच्या चळती नव्हेत. ते बहुतेक ब्रिटिश सरकारच्या ट्रेझरी बिलांच्या आणि कर्जरोख्यांच्या रूपात होते. म्हणजे अंकित देशाची मध्यवर्ती बँक साडेसहा वर्षांत राज्यकर्त्या देशाच्या सरकारची एक मोठी धनको बनली. व्यापारातली तूट आणि सरकारी कर्ज परक्यांच्या हाती जाणे यांचा संबंध काय, हा प्रश्न आज अमेरिकेच्या संदर्भात वारंवार निघतो. त्याचे उत्तर शोधायला याहून चांगले प्रकरण मला ठाऊक नाही, कारण इथे प्रत्येक टप्प्याचा कागद शिल्लक आहे: 1934 चा रिझर्व्ह बँक कायदा, नोव्हेंबर 1939 चा संरक्षणखर्चाचा करार, बँकेचे वार्षिक अहवाल, डिसेंबर 1945 मध्ये ब्रिटिश सरकारने पार्लमेंटपुढे ठेवलेली आकडेवारी आणि ब्रेटन वुड्स परिषदेचे कामकाज.

आधीची स्थिती पाहिली नाही तर या उलथापालथीची गंमत कळत नाही. युद्धापूर्वी उलट हिंदुस्थान सरकारच लंडनच्या बाजाराचे ऋणको होते. रेल्वे, कालवे, लष्कर यांसाठी काढलेले कर्ज पौंडांत होते आणि त्याचे रोखे ब्रिटिश गुंतवणूकदारांकडे होते. आता, ज्याचा व्यापार तुटीचा त्याला कर्ज होते, असा सरधोपट नियम मानला तर हे कर्ज अजिबात उलगडत नाही. हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा दशकानुदशके जास्त होती. कापूस, ताग, चहा, गळिताची धान्ये जगभर जात आणि मालाच्या हिशेबात वर्षअखेर शिल्लक उरे. पण ती शिल्लक हाती पडण्याआधीच होम चार्जेसमध्ये जिरे: कर्जावरचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च, लष्कराचे देणे. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर मांडलेला हिशेब हाच. तेव्हा मालाच्या व्यापारावरून देश धनको की ऋणको हे ठरत नाही. माल, सेवा, व्याज, पेन्शन, सरकारी देणी अशी सगळी बेरीज-वजाबाकी करून जे उरते त्यावरून ते ठरते.

आता 1934 चा कायदा. त्याच्या 40 आणि 41 या कलमांनी रिझर्व्ह बँकेवर एक सक्ती घातली होती. रुपयाला 1 शिलिंग 6 पेन्स या भावाच्या अगदी जवळच्या ठरीव दरांनी कोणी स्टर्लिंग विकायला आणले तर ते विकत घ्यायचे, मागितले तर विकायचे. रक्कम तेवढी 10,000 पौंडांहून कमी नसावी. एका पौंडाचे 13 रुपये 5 आणे 4 पै. याच कायद्याच्या 33 व्या कलमाने नोटांच्या तारणासाठी स्टर्लिंग रोखे सोन्याच्या जोडीला बसवले. नोटांच्या पाठीशी किमान 40 टक्के सोने किंवा स्टर्लिंग हवे, त्यात सोने निदान 40 कोटी रुपयांचे. कमाल मर्यादा स्टर्लिंगला नव्हती. शांततेच्या काळात ही कलमे विनिमयदर स्थिर ठेवण्याची साधी तरतूद वाटतात. युद्धात त्यांचा अर्थ असा झाला की ब्रिटन देईल तेवढे स्टर्लिंग बँकेने घ्यायचे आणि त्यावर रुपये छापून द्यायचे. धनकोला नाही म्हणण्याची सोय कायद्यातच नव्हती.

ब्रिटन एवढे स्टर्लिंग देणार का आणि किती, हे नोव्हेंबर 1939 च्या आर्थिक कराराने ठरले. हिंदुस्थानने आपल्या लष्कराचा शांतताकाळातला नेहमीचा खर्च द्यायचा, महागाईनुसार त्यात वाढ करायची, निव्वळ स्वतःच्या संरक्षणासाठी केलेल्या युद्धोपायांचा खर्च सोसायचा आणि परदेशी गेलेल्या फौजांपोटी एकरकमी 1 कोटी रुपये द्यायचे. बाकीचा बोजा ब्रिटनवर. हा करार झाला तेव्हा लढाई युरोपात होती आणि हिंदी फौजेला फार लांब जावे लागेल असे लंडनला वाटले नव्हते. नंतर उत्तर आफ्रिका, इराक, इराण, ब्रह्मदेश असे रणांगण पसरत गेले. हिंदुस्थानातून कापड, तंबू, वाळूच्या पोत्यांसाठी ताग, पोलाद, दारूगोळा आणि माणसे गेली. बिल फुगले.

पैशाचा प्रवास असा. हिंदुस्थान सरकार कानपूरच्या बूटवाल्याला, मुंबईच्या गिरणीला, पलटणीतल्या शिपायाला रुपयांत पैसे चुकते करी. ब्रिटिश सरकार तेवढ्याच किमतीचे पौंड लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे जमा करी. ते पौंड रिझर्व्ह बँक घेई आणि त्यांची ब्रिटिश ट्रेझरी बिले व रोखे विकत घेई, म्हणजे पौंड ब्रिटिश सरकारकडेच परत जात. हिंदुस्थान सरकारला बँकेकडून रुपये मिळत, ते पुढच्या खरेदीला लागत. माल आणि माणसे ब्रिटनच्या युद्धाला गेली; बदल्यात आले ते ब्रिटिश सरकारचे वचन. तूट आणि परदेशस्थ धनको ही दोन निरनिराळी प्रकरणे नाहीत, एकाच नोंदीच्या जमा आणि नावे अशा दोन बाजू आहेत, हे इथे उघडे दिसते. ब्रिटनने जेवढे घेतले आणि ज्याचे मोल वस्तूंत दिले नाही, तेवढे त्याचे रोखे दुसऱ्याच्या हाती गेले.

बँकेच्या अहवालांतले आकडे एकत्र मांडले की या साडेसहा वर्षांचा ताळेबंद असा जुळतो. युद्धारंभीचे 64 कोटी. बँकेने बाजारात विकत घेतलेले स्टर्लिंग, म्हणजे मुख्यतः निर्यातदारांकडून पेढ्यांमार्फत आलेले, सुमारे 801 कोटी. ब्रिटिश सरकारने युद्धखर्चापोटी भरलेले 1,632 कोटी. इतर किरकोळ 45 कोटी. एकूण 2,542 कोटी. यांतून 411 कोटी हिंदुस्थानचे जुने पौंडांतले कर्ज फेडण्यात गेले आणि 407 कोटी इतर पौंडी देण्यांत. उरले 1,724 कोटी.

यांतल्या दोन आकड्यांपाशी थांबायला हवे. 1,632 हा आकडा व्यापाराचा नव्हेच, तो सरकारने सरकारला केलेल्या भरण्याचा आहे. केवळ आयात-निर्यातीचे तक्ते पाहणाऱ्याला या येण्यापैकी फार तर तिसरा हिस्सा समजेल. दुसरा आकडा 411 कोटींचा. एवढ्यात 30 कोटी पौंडांहून अधिक जुने कर्ज निकालात निघाले. ब्रिटिश सरकारने 1941 पासून युद्धकालीन अधिकार वापरून आपल्याच नागरिकांकडचे हिंदुस्थानचे रोखे सक्तीने ताब्यात घेतले, रिझर्व्ह बँकेच्या पौंडांतून त्यांची किंमत चुकती झाली आणि त्या जागी हिंदुस्थान सरकारने रुपयांत कर्ज उभे केले. शतकभर साठत आलेले परकीय कर्ज असे दोन-तीन वर्षांत मोकळे झाले. याला फायद्याचा सौदा म्हणायला हरकत नाही, पण दर पाहून म्हणावे: लंडनमध्ये ट्रेझरी बिलांवर मिळणारे व्याज 1 टक्क्याच्या आसपास होते आणि हिंदुस्थान सरकार देशात 3 टक्क्यांनी कर्ज काढत होते.

दुसऱ्या तीरावरचा कागद म्हणजे डिसेंबर 1945 ची ब्रिटिश आकडेवारी. वॉशिंग्टनला कर्ज मागायला गेलेल्या शिष्टमंडळाने तिथे मांडलेले हे तक्ते. सप्टेंबर 1939 ते जून 1945 या काळात ब्रिटनने परदेशांतली आपली पुंजी किती गमावली? 419 कोटी 80 लाख पौंड. त्यांपैकी परदेशांतली मालमत्ता विकून 111 कोटी 80 लाख आले. सोने आणि डॉलर यांची गंगाजळी 15 कोटी 20 लाखांनी घटली. परकीयांचे देणे वाढले ते 287 कोटी 90 लाखांनी. म्हणजे अमेरिकेने लेंड-लीजखाली दिलेली प्रचंड मदत वगळून जी तूट उरली, तिचा दोन-तृतीयांशांहून मोठा वाटा ब्रिटनने कोणाला काही न देता, फक्त नावे लिहून भागवला. जून 1945 अखेर हे बाहेरचे देणे 335 कोटी 50 लाख पौंडांवर पोचले होते, आणि त्यातले 173 कोटी 20 लाख हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि मध्यपूर्व या एका गटाचे. हिंदुस्थानचा आकडा या तक्त्यात वेगळा काढलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या वह्यांशी ताडून पाहिले तर त्या गटातला निम्म्याहून अधिक भाग आपला निघतो.

एक गैरसमज या कागदांनी पार मोडतो. अमुक देशाशी आपला व्यापार तुटीचा म्हणून आपले रोखे त्याच देशाच्या हाती जातात, असे लोक धरून चालतात. युद्धकाळात अमेरिका हिंदुस्थानकडून ताग आणि इतर कच्चा माल घेत होती आणि डॉलर मोजत होती. पण ते डॉलर हिंदुस्थानला ठेवून घेता येत नव्हते. सप्टेंबर 1939 पासून विनिमय-नियंत्रण होते, आणि साम्राज्यातल्या बहुतेक देशांनी मिळवलेले डॉलर लंडनच्या सामाईक पुंजीत जात. बदल्यात पौंड मिळत, आणि त्या पौंडांची पुन्हा ट्रेझरी बिले. विक्री अमेरिकेला, येणे ब्रिटनकडून. पुढे ओरड झाल्यावर 1944 आणि 1945 या दोन वर्षांसाठी दर वर्षी 2 कोटी डॉलर हिंदुस्थानसाठी वेगळे काढायचे कबूल झाले. त्याला दानशूरपणा म्हणवत नाही.

हे कर्ज हिंदुस्थानने दिले असे आपण म्हणतो, पण देणारा कोण होता? नोटा युद्धापूर्वी 180 कोटींच्या घरात होत्या, मार्च 1946 पर्यंत 1,200 कोटींच्या पुढे गेल्या. घाऊक भावांचा निर्देशांक ऑगस्ट 1939 ला 100 धरला तर 1944-45 मध्ये 240 च्या वर होता. माल देशाबाहेर जात होता किंवा लष्कराच्या तोंडी पडत होता, आणि नोटा बाजारात येत होत्या. ज्याचे उत्पन्न भावांबरोबर वाढले नाही त्याने कमी खाल्ले, कमी नेसले. त्याची ती उपासमार म्हणजेच ब्रिटनला दिलेली उधारी. बंगालच्या 1943 च्या दुष्काळात अधिकृत चौकशी आयोगाने 15 लाख मृत्यू धरले. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याच्या दुप्पट जातात. त्या दुष्काळाला ब्रह्मदेशचा तांदूळ बंद होणे, वादळ, सरकारी धोरण अशी अनेक कारणे होती आणि सगळे खापर नोटांवर फोडणे बरोबर नाही. पण स्टर्लिंगच्या रकान्यातली वाढ आणि बाजारातली भाववाढ एकाच यंत्राची दोन टोके होती, हे नाकारता येत नाही.

याच भाववाढीतून आणखी एक किफायतशीर व्यवहार निघाला. ऑगस्ट 1943 पासून ब्रिटन आणि अमेरिका रिझर्व्ह बँकेमार्फत मुंबईच्या बाजारात सोने विकू लागले. लंडनचा सरकारी भाव औंसाला 168 शिलिंग, म्हणजे तोळ्याला सुमारे 42 रुपये. मुंबईचा भाव त्या वेळी 70 रुपयांच्या वर. नोटा बाजारातून ओढून घ्यायचा हेतू सांगितला गेला आणि तो खोटाही नव्हता. पण त्यात विक्रेत्यांचा स्थानिक खर्च स्वस्तात भागला, आणि तेवढे आपले पौंडांतले येणे वाढायचे राहिले.

लंडनमध्ये या येण्याविषयी राग होता. हिंदुस्थानचे रक्षण आम्ही करायचे आणि वर त्याचेच देणेकरी व्हायचे, हे चर्चिल यांना सहन होत नव्हते. मंत्रिमंडळात त्यांनी प्रतिदाव्याची भाषा वारंवार काढली आणि भारतमंत्री अमेरी यांनी तिला वारंवार विरोध केला. ब्रिटिश तक्रारीत एक मुद्दा विचारात घेण्याजोगा होता: हिंदुस्थानातले भाव अडीचपट झाले, विनिमयदर मात्र 1 शिलिंग 6 पेन्सवर खिळलेला, म्हणून आम्हाला माल महाग पडला. गणित बरोबर आहे. पण तो दर कोणी खिळवून ठेवला होता? दिल्लीचे सरकार लंडनचेच होते, आणि नोटा ज्या खर्चासाठी छापल्या गेल्या तो खर्चही बव्हंशी लंडनचाच होता. स्वतः चढवलेल्या भावाबद्दल विक्रेत्याला दोष देण्यासारखे हे झाले.

जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने हा विषय जगापुढे नेला. नेते अर्थसदस्य जेरेमी रेझमन. सोबत थिओडोर ग्रेगरी, आर. के. षण्मुखम चेट्टी, मुंबईचे ए. डी. श्रॉफ आणि आदल्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेले, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. मागणी माफक होती. नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या उद्दिष्टांत युद्धकाळात साचलेल्या येण्यांचा निपटारा करण्यास मदत करणे हेही घालावे, निदान त्यातला काही भाग इतर चलनांत वापरता यावा. इजिप्तने पाठिंबा दिला, कारण त्याचेही तसेच येणे अडकले होते. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स विरोधात. श्रॉफ यांनी सुनावले की बँकेत दहा लाख डॉलर आहेत पण टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसे नाहीत, अशा माणसासारखी तुम्ही आमची गत करत आहात. ब्रिटनतर्फे केन्स यांनी उत्तरात हिंदुस्थानचे व इतरांचे आभार मानले, हा प्रश्न संबंधित देशांनी आपसांत सोडवायचा आहे असे म्हटले आणि जे उदारपणे दिले गेले त्याची फेड सन्मानाने करू अशी ग्वाही दिली. दुरुस्ती फेटाळली गेली. देशमुखांनी आणि सहकाऱ्यांनी झगडून निधीतला हिंदुस्थानचा वाटा 40 कोटी डॉलरपर्यंत वाढवून घेतला, एवढे पदरात पडले. पुढे रशिया निधीत आला नाही म्हणून हिंदुस्थान पहिल्या पाचांत बसला.

केन्स यांच्या ग्वाहीचे मोल दीडच वर्षात कळले. 6 डिसेंबर 1945 च्या अँग्लो-अमेरिकन करारात अमेरिकेने ब्रिटनला 375 कोटी डॉलर 2 टक्क्यांनी दिले, आणि त्याच करारात साचलेल्या स्टर्लिंगचे तीन भाग करण्याचा इरादा लिहिला गेला: काही लगेच मोकळे, काही 1951 पासून हप्त्यांनी, आणि काही चक्क सोडून द्यायचे. एका धनकोने ऋणकोला कर्ज देताना दुसऱ्या धनकोच्या येण्यात सूट मागायची, आणि ती त्या दुसऱ्याला न विचारता. हिंदुस्थानने ही सूट शेवटपर्यंत मान्य केली नाही. स्वातंत्र्य जवळ येत होते म्हणूनच हे जमले. परतंत्र दिल्लीकडून सही करून घेणे अवघड नव्हते.

कराराच्या अटीनुसार 15 जुलै 1947 रोजी पौंड डॉलरमध्ये बदलण्याची मुभा ब्रिटनने दिली. लोकांनी पौंड टाकून डॉलर उचलण्याची अशी घाई केली की 20 ऑगस्टला ती बंद करावी लागली. या पाच आठवड्यांच्या अखेरीअखेरीस, 14 ऑगस्टला, हिंदुस्थानशी तात्पुरता करार झाला. एकूण येणे 116 कोटी पौंड, म्हणजे सुमारे 1,547 कोटी रुपये. ते क्रमांक 2 च्या खात्यात गोठवले. क्रमांक 1 च्या खात्यात वर्षअखेरपर्यंतच्या वापरासाठी 3 कोटी 50 लाख पौंड आणि हातखर्चाला 3 कोटी. झेंडा फडकण्याच्या आदल्या दिवशी देशाच्या परकीय पुंजीची अवस्था ही होती.

जुलै 1948 मध्ये अर्थमंत्री म्हणून चेट्टी लंडनला गेले. ब्रिटिशांनी इथे सोडलेली लष्करी सामग्री आणि बांधकामे, मूळ किंमत सुमारे 37 कोटी 50 लाख पौंड, 10 कोटींना घेतली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनांपोटी 16 कोटी 80 लाख पौंड एकदम ब्रिटनकडे वर्ग केले. त्या पेन्शनांचे हप्ते साठ वर्षे चालायचे होते आणि त्यांचे पैसे आपण आगाऊ भरले. पाकिस्तानचा वाटा वेगळा झाला. उरले 80 कोटी पौंडांच्या आसपास. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचे 30.5 टक्के अवमूल्यन झाले. रुपयानेही त्याच मापाने उतरणे पत्करले म्हणून रुपयांत आकडा बदलला नाही. डॉलरच्या बाजारात मात्र त्या येण्याची खरेदीशक्ती एका रात्रीत तेवढी घटली. आपल्या चलनात कर्ज काढणाऱ्या देशाला ही मुभा असते, आणि तीच खरी सत्ता. युद्धापूर्वी आपण पौंडांत ऋणको होतो, तेव्हा आपल्याला ती नव्हती. नंतर पौंडांत धनको झालो, तेव्हाही नव्हती.

पुढचा भाग थोडक्यात उरकतो. फेब्रुवारी 1952 च्या करारान्वये 31 कोटी पौंड चलनाची राखीव पुंजी म्हणून मोकळे झाले आणि बाकीचे दर वर्षी 3 कोटी 50 लाखांप्रमाणे जून 1957 पर्यंत मिळायचे ठरले. हा करार झाला तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते. जुलै 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि यंत्रे, पोलाद, धान्य यांच्या आयातीने पुंजी वितळू लागली. मार्च 1956 मध्ये रिझर्व्ह बँकेकडची परकीय मालमत्ता साडेसातशे कोटींच्या घरात होती, दोन वर्षांनी ती 300 कोटींच्या आत आली. 40 टक्क्यांची जुनी अट टिकणार नाही हे दिसताच 1956 मध्ये कायदा बदलून 400 कोटींचे परकीय रोखे आणि 115 कोटींचे सोने अशी ठोक मर्यादा घातली. वर्षभरात तीही मोडून दोन्ही मिळून 200 कोटींवर आणली.

हे पैसे उधळले, अशी टीका तेव्हाही झाली आणि अधूनमधून अजून होते. मला ती पटत नाही. तुटीचा व्यापार करून परदेशातले येणे वसूल करणे, हाच तर ते वसूल करायचा मार्ग असतो. आयात निर्यातीपेक्षा जास्त झाल्याशिवाय ट्रेझरी बिलांचे यंत्रांत रूपांतर होत नाही. दोष असलाच तर वसुलीला लागलेल्या वेळाचा. 1946 मध्ये ते पौंड मोकळे असते तर युद्धाने झिजलेल्या रेल्वे आणि गिरण्या तेव्हाच दुरुस्त झाल्या असत्या.

ऑगस्ट 1958 मध्ये जागतिक बँकेने वॉशिंग्टनला भारताच्या परकीय चलनाच्या अडचणीवर धनको देशांची बैठक बोलावली. अमेरिका, कॅनडा, पश्चिम जर्मनी, जपान आणि ब्रिटन असे पाच देश तिला आले. ब्रिटन तिथे आला तो भारताला कर्ज देणाऱ्यांपैकी एक म्हणून.